पोटमाळ्यावरची जावा

टू-स्ट्रोक इंजिनात हलणारी अंगं मोजून तीन. पिस्टन, पिस्टनला धरणारा रॉड आणि रॉड ज्याला फिरवतो तो क्रँक. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, तेलाचा वेगळा हौद नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या ठेवलेल्या असतात. पिस्टन वर-खाली जाता-येता त्या उघडतो आणि झाकतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा जोर मिळतो, ह्यात दर फेऱ्याला मिळतो. म्हणून अंगानं लहान, वजनाला हलकं आणि किमतीला स्वस्त. आणि म्हणूनच हे इंजिन दहा बाय बाराच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून उघडता येतं.

गिरणगावावर पुष्कळ लिहून झालंय. संपावर, शाहिरांवर, भजनी मंडळांवर, गणपतीवर. चाळीच्या जिन्याखाली उघडून ठेवलेल्या फटफटीवर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मी तसा शेतकरी माणूस, पाटण तालुक्यातला. पण दहावी झाल्यावर चार-पाच वर्षं लालबागला चुलतभावाकडं होतो, गिरणीत बदली कामगार म्हणून. तेव्हा जे बघितलं आणि पुढं वाचून-विचारून जे कळलं, ते लिहितो.

आमच्या त्या भावाला सगळे आण्णा म्हणायचे. गिरणीत फिटर. त्यांनी बांधलेली गाडी होती जावा. ही जावा मुंबईत आली कशी, ते आधी सांगायला पाहिजे, कारण त्या गाडीच्या नावातच अर्धा इतिहास आहे.

चेकोस्लोव्हाकियात प्राग शहरात यानेचेक नावाचे एक कारखानदार होते. धंदा बंदुका-तोफांचा. पहिलं महायुद्ध संपलं, शस्त्रांचा खप गेला, तेव्हा त्यांनी १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटारसायकल बनवायचा परवाना घेतला. यानेचेकमधला ‘या’ आणि वांडररमधला ‘वा’. त्यांच्याकडं म्हणतात यावा, आपण जावा केलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींचा कबजा असताना तिथल्या इंजिनिअरांनी चोरून एका नव्या २५० सीसी गाडीची तयारी केली आणि युद्ध संपल्यावर १९४६ ला ती जगापुढं आणली. गुप्तपणे इंजिन बांधायची रीत अशी ह्या गाडीच्या जन्मापासूनची आहे.

आपल्याकडं इराणी घराण्यातल्या लोकांनी आधी बाहेरून तयार जावा आणून मुंबईत विकल्या. पुढं सरकारनं तयार गाड्या आणायला बंदी केली. तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथं गाड्या बनायला लागल्या. १९७३ पासून नाव बदलून येझदी झालं. याझ्द हे इराणमधलं शहर, मालकांच्या पूर्वजांकडचं. म्हणजे जर्मन परवाना, चेक डोकं, इराणी नाव, कन्नड कामगार आणि चालवणारे आपण. त्याच सुमाराला, १९६२ ला, एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली. ती खेड्यात दुधाच्या किटल्यांखाली खपली. आमच्या भागात दूधवाल्याची राजदूत आणि पाटलाची बुलेट. जावा दिसायची ती मास्तर, डॉक्टर नाहीतर पोस्टातल्या माणसाकडं.

मुंबईत मात्र जावा-येझदीला मान होता. गिरगावात, दादरला हिंदू कॉलनीच्या बाजूला नोकरदार माणूस ती पुसून-पासून उभी करायचा. लालबागच्या कामगाराला नवी गाडी स्वप्नातही परवडणारी नव्हती. स्कूटर घ्यायची तरी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. नंबर लागला की काही लोक तो नंबरच विकून टाकायचे. अशा काळात जुनी गाडी भंगारात जात नसे. तिचा मालक बदले, इंजिन बदले, रंग बदले. मोडलेल्या तीन गाड्यांतून एक धावती गाडी उभी राही.

आणि ती उभी करायला लागणारे हात गिरणगावात होते. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईतली पहिली सूतगिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षं ह्या भागात माणसं यंत्रांबरोबर जगली. बाहेरचे लोक गिरणी कामगार म्हटलं की मागावरचा विणकर समजतात. पण प्रत्येक गिरणीला आपला वर्कशॉप होता. त्यात फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर. परळला रेल्वेचं मोठं वर्कशॉप १८७९ पासूनचं, लोअर परळला दुसऱ्या रेल्वेचं. एका चाळीत विचारत गेलं तर लेथवाला, वेल्डिंगवाला, बेअरिंगमधलं कळणारा आणि रंगारी चार दारांत मिळायचे. मोटारसायकलचा कारखाना ह्याहून वेगळा काय असतो?

आण्णा म्हणायचे, “आरं, रिंग फ्रेमचा स्पिंडल मिनटाला हजारोनी फिरतोय. त्याला केसाएवढा बाक चालत न्हाई. ही फटफटी त्याच्याम्होरं बैलगाडी हाय.”

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दोन महिन्यांत मिटेल असं जो तो म्हणत होता. तो संप मागं घेतला असं आजपर्यंत कोणी जाहीर केलेलं नाही. आमच्यासारखे बदली कामगार तर पहिल्या महिन्यातच गावाला लागले. मी शेतीला लागलो, पण महिन्या-दीड महिन्यानं एस.टी.नं नाचणी, तांदूळ, वरणा घेऊन लालबागला जायचो. त्या वर्षी गावाकडनं मुंबईला धान्य जात होतं आणि मुंबईकडनं गावाला मनीऑर्डर येत नव्हती. शंभर वर्षांची रीत उलटी झाली.

वैनी खानावळ चालवायच्या. आमच्याच गावचे आणि आजूबाजूचे पंधरा-सोळा गडी दोन वेळ जेवायचे, पगाराला पैसे द्यायचे. संप झाला, गडी गावाला गेले, उधारी वहीत राहिली. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. सावकाराचं व्याज भरून त्यांचा जीव जायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्या बायकांना सरकारी बँकांचं कर्ज मिळवून दिलं. बँकेत पाऊल न टाकलेल्या बायका अंगठा उठवून कर्ज घेत आणि पैन् पै फेडत. वैनींनीही अशाच एका गटातून कर्ज काढलं होतं. संपात त्यांनी धंदा बदलला. जेवायला माणसं येत नाहीत तर डबा माणसांकडं न्यायचा. परळच्या हॉस्पिटलांमधले कर्मचारी, दादरच्या दुकानांतले नोकर, गिरगावात ऑपेरा हाउसच्या बाजूला कारखान्यांतले कारागीर. आण्णा सायकलवरनं डबे टाकायचे. चाळीस डबे झाले तेव्हा सायकल पुरेना.

त्या पावसाळ्यात दोन टाकीजवळच्या एका भंगारवाल्याकडनं आण्णांनी १९६५ ची जावा आणली. साडेसातशे रुपयांना, कागदपत्रांसकट. टाकीला गंज, सीटला नुसत्या स्प्रिंगा, किक मारली तर पाय परत वर येईना. इंजिन जाम. एक सायलेन्सर नाहीच. मी तेव्हा तांदूळ पोचवायला आलो होतो, तो पंधरा दिवस राहिलो, कारण आण्णांना धरायला माणूस पाहिजे होता.

साडेसातशेतले पाचशे वैनींचे होते. पुढं पिस्टन, बेअरिंग, सील ह्यांचे पैसेही त्यांनीच दिले. चाळीत अजून “आण्णांनी बांधलेली जावा” असंच म्हणतात. मी लिहितोय तर हे लिहून ठेवतो.

गाडीचा सांगाडा जिन्याखाली राहिला. इंजिन चौघांनी उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि खोलीत, पोटमाळ्याखाली, गोणपाटावर ठेवलं. दिवसा खोलीत खानावळीचा स्वयंपाक, रात्री दहानंतर इंजिन. सकाळी पाचला वैनींचा स्टोव्ह पेटायच्या आत सगळे भाग पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून पोटमाळ्यावर. रेशनचं रॉकेल स्टोव्हला पुरत नव्हतं, त्यातलंच अर्धं लिटर इंजिन धुवायला गेलं म्हणून वैनी दोन दिवस आण्णांशी बोलल्या नाहीत. पुढं त्यांनी अट घातली: धुवायचं ते खाली नळाशी, आणि पेट्रोलची बाटली उंबऱ्याच्या आत यायची नाही. ही अट त्या घरात अजून पाळतात.

हेड काढलं. आत काजळीचा थर, तव्याला बसतो तसा. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसलेला. आण्णांनी वरून तेल सोडून दोन रात्री तसंच ठेवलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत सिलिंडर सोडवला. घण मारला असता तर क्रँक वाकला असता. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या रिंगा फिरू नयेत म्हणून खोबणीत बारीक पिन असते. रिंगेचं तोंड फिरत खिडकीसमोर आलं की ते अडकतं, तुटतं आणि सगळं सिलिंडर खरवडून टाकतं. ह्या गाडीत नेमकं तेच झालेलं होतं. बोटानं ओरखडे लागत होते.

जावाचं सिलिंडर ६५ मिलिमीटर व्यासाचं, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ओरखडे घालवायला भोक थोडं मोठं करून घ्यायचं आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीनं मिळतात. पाव, अर्धा, पाऊण, एक. एकपर्यंत पोचलं की सिलिंडरचं आयुष्य संपलं, मग लायनर घालायचा. आमचं अर्ध्यावर भागलं. ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची जी दुकानं आहेत तिथनं पिस्टन आणला. आधी पिस्टन आणायचा आणि मग त्याच्या मापानं बोअर करून घ्यायचा, उलट कधी करायचं नाही, हे मी तिथं शिकलो.

बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथला माणूस गाडीचं नाव विचारत नाही, नंबर विचारतो. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप निघतं. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५. मोटारसायकलचं, पंख्याचं, विहिरीवरच्या मोटरचं, सगळ्यांचं बेअरिंग त्याच फळीवर. शेतीत पुढं ह्या एका हिशोबानं माझे किती हेलपाटे वाचले सांगता येणार नाही.

सायलेन्सर चोरबाजारात मिळाला. जावाच्या सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी मागून नट काढून ओढता येते. ती काजळीनं भरली की गाडी ओढत नाही. लोक कार्बोरेटर खोलत बसतात आणि दुखणं मागं असतं. आण्णांनी नळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि सकाळी तारेच्या ब्रशानं घासली.

सगळ्यात अवघड काम क्रँकचं. टू-स्ट्रोकचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि मधे पिन, दाबून बसवलेली. रॉड बदलायचा तर चकत्या प्रेसवर सोडवायच्या, नवी पिन दाबायची आणि दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. हे काम घरात होत नाही. काळाचौकीला आण्णांच्या ओळखीच्या एका टर्नरनं छोट्या गाळ्यात लेथ टाकलेला होता. तोही संपातलाच. क्रँक लेथवर दोन टोकांना धरून हळूहळू फिरवायचा, डायल गेजचा काटा बघायचा, तांब्याच्या हातोडीनं एक टोला, परत फिरवायचा. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. दोघं अडीच तास एक शब्द न बोलता बसले होते. सात महिने गिरणीचं तोंड न बघितलेल्या त्या दोन माणसांचे चेहरे त्या अडीच तासांत कसे होते, ते मला नीट आठवतं. टर्नरनं पैसे घेतले नाहीत. महिनाभर त्याचा डबा वैनींकडनं गेला.

जोडताना एका गोष्टीला आण्णा फार जपले, क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलना. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की पेटीत पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली आला की तीच दाबून वर ढकलली जाते. सील गेलं म्हणजे हातपंपाचा वायसर गेल्यासारखं. हलवत राहा, पाणी येत नाही.

टायमिंग लावायला यंत्र नव्हतं. प्लगच्या भोकातनं बारीक सळई सोडून पिस्टन वर टोकाला आला की खूण केली, तिथनं तीन मिलिमीटरच्या आसपास पिस्टन मागं घेतला. पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद धरला. कागद जिथं सैल सुटतो तिथं ठिणगी. पॉइंट सरकवत ती जागा जुळवायची. इंजिन बसवून, पाच लिटर पेट्रोलला दोनशे मिली तेल घालून, चाळीच्या दारात गाडी उभी केली. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात. दांडी आत दाबून वर घेतली की किक, सोडून पुढं ढकलली की गिअर. किल्ली म्हणजे जवळजवळ खिळाच. अकराव्या का बाराव्या किकला ती सुरू झाली. धुरानं पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीला खोकला आला, ती आण्णांना शिव्या देत गॅलरीत आली आणि तिथंच उभी राहून बघत बसली.

इथवर झालं ते पुन्हा बांधणं. त्यानंतर आण्णांनी गाडीत जे बदल केले ते सगळे डब्यांसाठी. मागं दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा, चॅसीला वेल्ड करून. एका बाजूला वीस डबे. एवढं वजन घेऊन परळच्या पुलावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. तेव्हा पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करून घातलं. पळणं थोडं कमी झालं, ओढणं वाढलं. हे ज्ञान गिरणीतलं. रिंग फ्रेमवर सूत जाड-बारीक करायचं तर पिनियन बदलतात, यंत्र तेच राहतं. पुढं काही वर्षांनी सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली, कारण जुना दिवा कंदिलासारखा होता आणि पहाटे चारला दादरच्या भाजी मार्केटात जायचं असे.

डबे त्या गाडीवर चौदा वर्षं गेले. गिरणीकडनं आण्णांना जे मिळायचं ते शेवटपर्यंत पूर्ण मिळालं नाही. मुलीचं लग्न आणि मुलाचं शिक्षण चुलीवर आणि फटफटीवर झालं.

दरम्यान गाड्यांची दुनिया बदलली होती. १९८४-८५ पासून जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या शंभर सीसी गाड्या आल्या. त्यात यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ च्या अखेरीला. ९८ सीसी आणि ताकद अकरा घोड्यांची. आमच्या जावाच्या निम्म्याहून कमी पोटाची गाडी तिला सिग्नलवर मागं टाकायची. लालबागची पोरं वेडी झाली. एवढ्याशा इंजिनात हा जोर आला कुठून, ह्याची गोष्ट मला पुढं एका पुस्तकात सापडली आणि ती सांगण्यासारखी आहे.

पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे इंजिनिअर होते. टू-स्ट्रोकचं मोठं दुखणं असं की जळलेला धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोलही त्याच्याबरोबर निघून जातं, कधी पाव हिस्सा, कधी जास्त. काडेन यांनी सायलेन्सरच्या पाइपाचा आकार असा साधला, आधी फुगत जाणारा आणि मग निमुळता, की धुराची लाट टोकावर आपटून परत येते आणि बाहेर पडू बघणारं ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये परत लोटते. पाइपात ना चाक, ना स्प्रिंग. नुसता आकार. त्यांचा शर्यतीचा गडी एर्न्स्ट डेगनर १९६१ च्या सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून गेला, बर्लिनची भिंत उभी राहून महिनाच झाला होता. बायको-मुलांना त्याच सुमाराला गाडीत लपवून सीमेपार काढलं. तो गेला जपानच्या सुझुकीकडं, डोक्यात काडेनचं गुपित घेऊन. पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीत जगज्जेती झाली. पुढं सगळ्या जपानी टू-स्ट्रोकांच्या पोटात ही विद्या उतरली. परळच्या नाक्यावर आरएक्सला फुगीर पाइप लावून कानठळ्या बसवणाऱ्या पोरांना काडेन माहीत नाही, आणि त्यांच्या पाइपाचा आकारही बहुतेक वेळा कुठल्या हिशोबातनं आलेला नसतो. नुसता आवाज. मला ह्या बदलाचं कौतुक नाही. सिलिंडरच्या खिडक्या कानशीनं घासून मोठ्या करायच्या, हेड घासून दाब वाढवायचा, आणि सहा महिन्यांत पिस्टनला भोक. बदल करायचा तर गाडीवर काय वाहायचंय ते आधी ठरवावं.

धुरानंच टू-स्ट्रोक संपली. १९९१ पासून आपल्याकडं गाड्यांच्या धुराला मर्यादा आल्या, १९९६ ला त्या कडक झाल्या, २००० ला आणखी. आरएक्स १०० १९९६ ला थांबली, म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. आज टू-स्ट्रोक बघायची तर माझ्या पाठीवरच्या फवारणीच्या पंपात. मिश्रण तेच, धूर तोच, आवाज तोच. पंप चालू करताना वास आला की मला भात नाही, लालबागचा जिना दिसतो. धुराची बाजू मी घेणार नाही. त्या काळी पहाटे दादरच्या पुलाखाली उभं राहिलेल्याला विचारा.

आण्णा २००९ ला गेले. गाडी पुतण्याकडं. तो परळच्या एका हॉस्पिटलात मशिनं सांभाळतो, हात बापाचा आहे. चाळ पाडून आता टॉवर झालाय. घर मोठं, लिफ्ट आहे, पण इंजिन उघडायला जागा नाही. खाली गाड्या यंत्रानं एकावर एक चढवतात आणि फरशीवर तेलाचा डाग दिसला की सोसायटीची चिठ्ठी येते. त्यानं इंजिन पुन्हा एकदा घरातच उघडलं, बाल्कनीत, प्लॅस्टिक अंथरून.

अडचण पुढं आली ती कागदाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कारखान्यानं दिलेल्या मापात फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. जुलै २०२१ ला केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम काढला. पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, वीस हजार फी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला वगैरे काढायची. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा फेरफार नको.

पुतण्या मला म्हणाला, “तात्या, सांगाडा कापायला लागेल.”

मी गावावरनं त्यासाठी मुद्दाम गेलो. माझं म्हणणं होतं की मूळ रूप म्हणजे कुठलं? म्हैसूरहून १९६५ ला निघालेलं की लालबागला १९८२ ला बांधलेलं? पहिल्या रूपात ती गाडी सतरा वर्षं होती, दुसऱ्या रूपात चाळीस. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, तिथं लोक शोधून शोधून प्रागचा नट लावतात. चांगलं आहे, हौस आहे. पण सांगाड्याच्या ज्या वेल्डिंगला ते नाकं मुरडतात, ती एका संपकरी वेल्डरनं रात्री उसन्या वेल्डिंग रॉडवर केलेली आहे. ती ह्या गाडीच्या इतिहासातून काढून कशी टाकायची? पुतण्याचं म्हणणं वेगळं. कागद नसला तर एक दिवस गाडी उचलून नेतील आणि मग ना म्हैसूरची राहील ना लालबागची. त्याचंही खरं होतं.

वैनी आत लसूण सोलत होत्या. ऐंशीला आल्यात. म्हणाल्या, “कापा. डबं कोण न्हेतंय आता? रंग मात्र जुनाच द्या.”

ग्राइंडरनं सांगाडा दीड तासात उतरला. वेल्डिंग चांगली होती, पुतण्यालाच त्रास झाला. चॅसीवर राहिलेल्या खुणा घासून, लालसर मरून रंग देऊन, टाकीवर सोनेरी रेघ ओढून घेतली. सहा व्होल्टची वायरिंग परत घातली. दिवा पुन्हा कंदिलासारखा झालाय. अर्ज गेला आहे. स्प्रॉकेट बदलायचं पुतण्यानं विचारलं, तर वैनी म्हणाल्या ते कशाला, पूल आहे तिथंच आहे. ते एक दात कमीच आहे.

सांगाडा मी एस.टी.च्या टपावरनं गावी आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट घेतलं. सध्या गोठ्यात त्याच्यावर पेंडीची पोती रचलेली आहेत. जमिनीपासून वीतभर उंच राहतात, ओल लागत नाही.